सहा कागदांचा घन

कागदाला घड्या घालून आकृती करण्याच्या जपानी कलेस ओरिगामी म्हणतात. तिच्या एका प्रकारात अनेक कागदांचे सारखे घटक करून ते डिंकावाचून एकमेकांत गुंफतात. १७३४ साली छापलेल्या ‘रान्मा झुशिकी’ या जपानी पुस्तकात असा कागदी घन चित्रित केलेला आहे.

नवशिक्यास मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाचा घटक सोपा. चौरस कागदाच्या दोन कडा मध्यरेषेला भिडवून समोरासमोरचे दोन कोपरे दुमडले, की पुढे त्याचा समांतरभुज चौकोन होतो. त्याला दोन टोके व दोन खिसे असतात. एकाचे टोक दुसऱ्याच्या खिशात सारावयाचे. ६ घटकांचा घन होतो, ३० घटकांचा काटेरी गोल.

कसोटी लागते ती कोपऱ्यांशी. पाच घटकांत एका बाजूचे कोपरे दुमडले आणि सहाव्यात दुसऱ्या बाजूचे, तर तो आरशातील प्रतिमेसारखा उलटा होतो व कोठेच जुळत नाही. नवशिका बिचाऱ्या कागदालाच दोष देतो! शेवटचा घटक बसेपर्यंत घन सैल, डुगडुगता असतो. दोन्ही हातांची बोटे त्याला सावरून धरतात. अखेरचे टोक खिशात शिरताच सारे पदर आवळले जातात आणि हात काढून घेतला तरी घन सुटत नाही.