‘पेशीकंकाल’ : परिभाषेतील एका गृहीताची तपासणी

भारतीय भाषांतील शास्त्रीय परिभाषा बहुतांशी संस्कृत शब्दांवर उभी आहे. त्यामुळे एका भाषेतील संज्ञा दुसरीत अर्थासह उतरते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत कोठे ढासळते, हे जिआर्डिया या आतड्यात राहणाऱ्या एकपेशीय परजीवीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

इ. स. १६८१ मध्ये डेल्फ्ट येथील अंतोनी व्हान लेवेनहूक यांनी स्वतःच्या शौचात हा जीव प्रथम पाहिला. त्यांना लॅटिन अवगत नव्हते. आपली निरीक्षणे त्यांनी डच भाषेतच लिहिली आणि या प्राण्याला चिमुकले पाय असल्याचे सांगितले. शास्त्राची प्रतिष्ठित भाषा येत नसली तरी शास्त्रीय दृष्टी अडत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

जिआर्डियाची लांबी सुमारे १२ ते १५ मायक्रोमीटर असते. त्याला आठ कशाभिका असून पोटाच्या बाजूस बशीसारखी एक चकती असते. तिच्या योगे तो आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो. ही चकती ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांचे सर्पिल वेटोळे असून तिच्या जडणघडणीत जिआर्डिन नावाची प्रथिने आढळतात. पेशीला आकार व गती देणाऱ्या अशा प्रथिनरचनेस मराठीत ‘पेशीकंकाल’ म्हणता येते.

अडचण येथेच सुरू होते. मराठीत ‘पेशी’ म्हणजे सजीवाचा मूलघटक. हिंदी व बंगालीत तोच शब्द मांसपेशीचा, म्हणजे मराठीतील स्नायूचा, वाचक आहे. उलट, मराठीचा ‘स्नायू’ बंगालीत मज्जातंतू होतो. सबब, ‘पेशीकंकाल’ ही संज्ञा जशीच्या तशी बंगालीत नेल्यास वाचकास स्नायूंचा सांगाडा अभिप्रेत वाटेल.

हा विपर्यास केवळ शाब्दिक नाही. स्नायूंचे आकुंचन ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या परस्परक्रियेने घडते. जिआर्डियात ॲक्टिन आहे. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकसंचात मायोसिन आढळत नाही. म्हणजे जेथे स्नायूसारखी यंत्रणा नाही, नेमकी तेथेच चुकीची संज्ञा ती सुचविते.

‘कंकाल’ हा उत्तरपदही निर्दोष नाही. त्यातून मृत, अचल अस्थिपंजर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात जिआर्डिया कवचबद्ध अवस्थेत जाताना चकतीचे तुकडे होतात आणि तो कवचाबाहेर येताना ती पुन्हा जुळते. अल्बेंडाझोल हे औषधही ट्युब्युलिनवरच आघात करते. ज्याची मोडतोड व जुळणी सतत चालते, ज्यावर औषधाचा नेम धरला जातो, तो निर्जीव सांगाडा नव्हे.

तात्पर्य, संस्कृतोद्भव शब्दांचे रूपसाम्य हे अर्थसाम्याचे प्रमाण मानता येत नाही. भारतीय भाषांतील परस्पर अनुवादात समान दिसणारा शब्दच अधिक सावधपणे तपासला पाहिजे. कारण परक्या शब्दापाशी अनुवादक आपोआप थांबतो, ओळखीच्या शब्दापाशी थांबत नाही.