खिशातला चाकू वेळेला उघडला पाहिजे



यंदा बऱ्याच पोरांनी घडीचे नवे चाकू घेतलेत. चांगलं केलं. पण चाकू घेतला म्हणजे काम झालं नाही. आपल्याला तो रोज मासा साफ करायला, जाळ्याचा धागा, दोर, पोत्याची सुतळी कापायला लागतो. आणि एखाद्या दिवशी पायाला जाळं गुंडाळून माणूस पाण्यात ओढला जातो. तेव्हा हातात काही सेकंद असतात. त्या वेळी गंजून आखडलेला चाकू असला काय, नसला काय, सारखंच. म्हणून धारेइतकंच सांध्याकडं लक्ष द्यायचं, हे आधी डोक्यात ठेवा.

१. "स्टेनलेस आहे, गंजत नाही" हा गैरसमज
स्टेनलेस पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळं गंज उशिरा धरतो. पण धरतो. समुद्राच्या 1 लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि मीठ स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतं. आपल्या उणकल, केलगेरी तलावांचं पाणी गोडं आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. माशाच्या रक्तात, बुळबुळीत पाण्यात मीठ असतंच. कारवार-अंकोल्याकडून आलेल्या मासळीच्या पेटीतलं बर्फाचं पाणी तर खारटच. साध्या लोखंडी पात्याला धार छान लागते, पण ते एका रात्रीत लाल होतं.

२. रोजचं काम, दोन मिनिटांचं
- काम संपलं की चाकू पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. सांध्यात अडकलेले खवले जुन्या टूथब्रशनं काढा. गंज बाहेरून दिसायच्या आधी सांध्यात सुरू होतो, कारण तिथं पाणी अडकून राहतं.
- कपड्यानं पुसा आणि थोडा वेळ उघडाच वाळू द्या. ओला चाकू मिटून खिशात टाकू नका.
- ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात चाकू बुडवू नका. ते पोलाद खातं.
- बादलीत भिजत ठेवू नका. लाकडी मूठ फुगते, पातं सैल होतं.

३. तेल
आठवड्यातून एकदा सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, चार-पाच वेळा उघडमिट करा, जादा तेल पुसून टाका. पात्यावर खोबरेल तेलाचा हलका हात चालतो, ते माशाला लागलं तरी अडचण नाही. पण सांध्यात खोबरेल नको. आपल्या धारवाडच्या थंडीत ते गोठतं आणि चाकू जड उघडतो. इंजिनचं जळकं तेल तर अजिबात नको. त्यात काजळी असते, आणि त्याच चाकूनं आपण खायचा मासा कापतो.

४. धार
बोथट चाकू जास्त कापतो, आणि तो बोटच कापतो. कारण जोर लावावा लागतो आणि हात घसरतो.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, एक मऊ. दगड ओला करून ओल्या कपड्यावर ठेवा, म्हणजे हलत नाही. पातं दगडावर साधारण 20 अंश तिरपं धरायचं. 2 सेंटिमीटर रुंद पातं असेल तर त्याची पाठ दगडापासून 7 मिलिमीटर वर. एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत काठ आला की बाजू बदला. काठ तपासताना बोट धारेवरून लांबीनं फिरवू नका, पात्याकडून धारेच्या बाहेर आडवं न्या. शेवटी मऊ बाजूवर दोन्हीकडून हलक्या हातानं सारखे फेरे. धार झाली की वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला जातो.

धार लावणाऱ्याच्या चाकावर देणार असाल तर समोर उभं राहा. पातं तापून धार निळी पडली तर तिथलं पाणी उतरलं समजा. तेवढ्या जागी धार टिकत नाही.

५. लॉक तपासा
काही चाकूंना लॉक नसतं, फक्त स्प्रिंग असते. तसल्या चाकूनं टोचायचं काम करू नका, पातं बोटांवर मिटतं. लॉक असलेला चाकू उघडा, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता पाठीवर हलका दाब द्या. हलला तर पाण्यावर नेऊ नका. चाकूनं डबा उचकटणं, स्क्रू फिरवणं बंद करा. टोक मोडतं, सांधा ढिला होतो.

६. होडीत, हरिगोलात
- चाकू हातभर दोरीनं कमरेला बांधा, एका हातानं उघडता आला पाहिजे. दुसरा हात होडीला धरलेला असतो. म्यानातली सरळ सुरी असेल तर त्याहून बरं.
- पंख्यात जाळं अडकलं तर आधी इंजिन बंद, मग चाकू.
- ताणलेला दोर कापताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका, तुटलेला दोर झटका मारतो.
- पायाचं जाळं कापताना पातं जाळ्याखाली घालून धार अंगापासून बाहेर ओढा.

७. लागलंच तर
स्वच्छ कपडा घट्ट दाबून धरा, रक्त थांबलं की साबण-पाण्यानं धुवा. रक्त थांबत नसेल तर दाब न सोडता लगेच दवाखाना. जखम खोल असेल, मळ गेला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्या. हळद-तंबाखू भरू नका.

एक कायद्याची गोष्ट. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा चाकू, घरकाम, शेती, उद्योगासाठी बनवलेला नसेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यारात धरला जातो. आपल्या कामाला 3-4 इंची पातं पुरतं. काम नसताना बाजारात, जत्रेत मिरवू नका. घरी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

आज घरी गेल्यावर एकच करा. खिशातला चाकू काढा आणि ओल्या हातानं उघडून बघा. अडकला, तर वरचं दुसरं आणि तिसरं काम आजच करा. घरात जो कोणी पाण्यावर जातो, त्याचाही चाकू बघा.

आपला,
सचिव