हवेचे किती झाले?

बालाघाट-गोंदिया रस्त्यावर ट्रॅक्टर थांबवून पंक्चरवाल्याला हा प्रश्न विचारा. तो ‘राहू द्या’ म्हणेल, नाहीतर दहा-वीस रुपये घेईल. त्याने मागच्या टायरवर हातोडी मारलेली असते, आवाज टणटणीत आलेला असतो, म्हणजे हवा बरोबर. गेज असतं, पण ते ट्रकचं. ट्रकला शंभराच्या आसपास पौंड हवा लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात 12 ते 14. त्या गेजवर 12 आणि 18 मधला फरक काट्याच्या जाडीतच हरवतो.

म्हणून पहिला खर्च गेजचा: शून्य ते साठ पौंडांचं, साधारण 200 ते 600 रुपयांत येतं. टायरमध्ये पाणी भरत असाल तर पाण्याला चालणारं मागा, साधं पाण्याने बिघडतं. सोबत वॉल्व्हच्या टोप्या घ्या, दहा-वीस रुपयांच्या. रोवणीच्या दिवसांत टोपी नसलेल्या वॉल्व्हमध्ये चिखल बसतो आणि हवा गुपचूप जाते.

आकडे आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतून घ्या. अंदाजासाठी: 13.6-28 मापाच्या मागच्या टायरला नांगरणीत 12 ते 14 पौंड, भरलेली ट्रॉली ओढताना 18 ते 20, पुढच्या चाकांना 28 ते 30. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो बघून हवा भरू नका. आणि हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. दर दहा अंश तापमानामागे या टायरांत साधारण एक पौंडाचा फरक पडतो. मे महिन्याच्या दुपारी बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-एक पौंड कमी भरेल, कुठेही गळती नसताना.

हवा जास्त असली की काय होतं? टायर मधोमध फुगतो, नक्षीचा मधला भागच जमिनीला टेकतो, चाक घसरतं आणि डिझेल जातं. किती जातं ते घरीच काढता येतं. मागच्या टायरवर खडूने खूण करा. शेतात नांगर उचलून ट्रॅक्टर चालवा, चाकाच्या दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. 13.6-28 ला ते चाळीस मीटरच्या आसपास येईल. आता नांगर लावून त्याच दहा फेऱ्या. 34 मीटर आले तर घसरण 15 टक्के, चालण्यासारखी. 30 आले तर 25 टक्के. म्हणजे आठ तासांच्या कामाला नऊ तास. तासाला चार लिटर धरले आणि डिझेल 90 रुपयांच्या पुढे, तर दिवसाचे साडेतीनशेच्या वर गेले. एवढ्यात गेज येतं.

कमी हवेचा धडा मात्र मी स्वतः शिकलो. धान कापल्यावर कन्हार जमिनीत नांगरणी केली होती, 12 पौंडांवर. दुसऱ्या दिवशी तसंच धानाची ट्रॉली जोडून मंडईकडे निघालो. चढावर मागचं डावं चाक बसल्यासारखं वाटलं. उतरून बघतो तर रिम टायरच्या आत फिरलेली, ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून तुटलेला, आणि टायरमधलं पाणी रस्त्यावरून गटाराकडे चाललेलं. ट्यूब आणि मजुरी मिळून साडेतीन हजार, शिवाय मंडईतला दिवस गेला. धानाचा त्या दिवशीचा भाव कळला तो शेजाऱ्याकडून.

वजनासाठी टायरमध्ये भरायच्या पाण्याचं सांगायचं राहिलं. टायर पाऊण भरला की 13.6-28 मध्ये साधारण दोनशे लिटर बसतं, दोन्ही मिळून चारशे किलो. भरताना वॉल्व्ह वर, काढताना खाली. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे साधं पाणी चालतं. ट्रॉलीला आणि कोरड्या नांगरणीला ते उपयोगी. रोवणीसाठी बांधीत लोखंडी चाकं लावून उतरायचं तर माझ्या मते काढून टाका. मऊ चिखलात चारशे किलो जास्तीचे कशाला? रोवणी आटोपली की पुन्हा भरा. पाणी भरायला पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस लागतो.

आता मोठा खर्च. मागच्या टायरांची जोडी 35 ते 40 हजारांच्या आसपास पडते, कंपनी आणि प्लायप्रमाणे मागेपुढे. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. करावेगळी किंमत 20,000 धरली तर एका टायरमागे 2,600 रुपयांचा फरक. दुकान बालाघाटचं असो, वारासिवनीचं असो की पलीकडे गोंदियाचं, पक्कं बिल मागा आणि त्यावर कराचा टक्का स्वतः वाचा. ‘बिलाशिवाय पाचशे कमी’ ही सूट घेऊ नका. टायरची वॉरंटी मागायला गेलात की पहिला प्रश्न बिलाचाच येतो. दुसरा, हवा किती ठेवत होता.