उभं राहूनही बीपी मोजा

‘सकाळी उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पण दवाखान्यात बीपी नॉर्मल निघतं,’ ही तक्रार ज्येष्ठ वाचकांकडून वारंवार येते. नॉर्मल निघतं, कारण ते बसवून मोजलेलं असतं. त्रास उभं राहिल्यावर होत असेल, तर बीपी उभं राहूनही मोजायला हवं.

आपण उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, नाडी थोडी वाढवतं आणि मेंदूला रक्त कमी पडू देत नाही. हे जमलं नाही की चक्कर येते, माणूस पडतो, आणि उतारवयात खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं.

घरच्या मशीनवर तपासता येतं. सकाळी पाच मिनिटं शांत पडून राहा. बीपी आणि नाडी लिहा. दंडावरचा पट्टा तसाच ठेवून उभे राहा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. हात छातीच्या पातळीवर टेकलेला हवा. लोंबकळत्या हातात आकडा उगाच जास्त येतो आणि घसरलेलं बीपी लपून जातं. शेजारी घरचं कुणीतरी असू द्या. गरगरलं तर लगेच बसा, आकडा राहिला तरी चालेल.

वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. नाडीकडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही. समजा, झोपून 138/82 आणि नाडी 72. उभं राहून 112/74 आणि नाडी 76. बीपी एवढं घसरूनही नाडी जेमतेम चारने वाढली, तर नसांमध्ये बिघाड असू शकतो. जुना मधुमेह किंवा पार्किन्सन असलेल्यांत हे दिसतं. तीच नाडी 104 वर गेली, तर शरीरात पाणी किंवा रक्त कमी झाल्याची शंका येते. नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असेल, तर हा ठोकताळा लागू पडत नाही.

प्रोस्टेटच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या गोळ्यांनीही असं होतं. पण स्वतःहून गोळी बंद करू नका; आकड्यांचा कागद आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. चक्करेबरोबर छातीत दुखत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.