धार लावण्याच्या चाकाची परीक्षा

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या काढणीपूर्वी विळ्यांना विजेच्या चाकावर धार लावतात. अशा बहुतेक चाकांत ॲल्युमिनियम ऑक्साईडचे कण मातीच्या बंधाने भट्टीत भाजून जोडलेले असतात. म्हणून चाक मडक्याप्रमाणे ठिसूळ असते. आतील तडा डोळ्यांस दिसत नाही. परंतु वेगात चाक फुटल्यास प्राणावर बेतते.

यास्तव शेतकरी बंधूंनी चाक बसविण्यापूर्वी मधल्या छिद्रात बोट घालून ते टांगावे व लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. खणखणीत नाद न येता बद्द आवाज आल्यास चाक वापरू नये. चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून कमी नसावी. टेकू चाकापासून ३ मिलिमीटरहून दूर नसावा. चष्मा लावून, बाजूस उभे राहून, चाक प्रथम एक मिनिट रिकामे फिरवावे.