माहितीचे सीमोल्लंघन

'क्लाउड' या नावावरून माहिती कोठेतरी अधांतरी तरंगत असावी असा भास होतो. वस्तुतः ती कोणत्या तरी देशातील एखाद्या इमारतीत, यंत्रांमध्ये साठवलेली असते व तेथील कायदा तिला लागू असतो. शिवाय सेवा पुरविणारी कंपनी ज्या देशाची, त्या देशाचे शासनही तिला आज्ञा देऊ शकते. रुग्णाच्या आजाराची नोंद एका देशात झाली, ती साठवली गेली दुसऱ्या देशात आणि कंपनी तिसऱ्याच देशाची असली, तर त्या रुग्णाने दाद कोठे मागावी?

प्रश्न क्लाउडहून जुना आहे. स्वीडनच्या १९७३ च्या कायद्यातच अशा नोंदी परदेशी पाठविण्यावर परवानगीचे बंधन होते. युरोपीय संघाने १९९५ च्या निर्देशानुसार असा दंडक घातला की, जेथे पुरेसे संरक्षण आहे अशाच देशात वैयक्तिक माहिती सामान्यतः पाठवावी. अमेरिकेत त्या तोडीचा सर्वसाधारण कायदा नव्हता. म्हणून २००० साली 'सेफ हार्बर' ही व्यवस्था झाली. काही तत्त्वे पाळण्याची ग्वाही कंपन्यांनी स्वतःच द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. ती बव्हंशी शब्दावर विसंबणारी होती.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी हेरयंत्रणांच्या व्यापक पाळतीचा गौप्यस्फोट केला. त्यानंतर मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन विधिविद्यार्थ्याने फेसबुकविरुद्ध आयर्लंडमध्ये तक्रार केली. तिची परिणती होऊन युरोपीय संघाच्या न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१५ रोजी सेफ हार्बर अवैध ठरविले. तिच्या जागी आलेली 'प्रायव्हसी शील्ड' व्यवस्थाही १६ जुलै २०२० रोजी कोसळली. पाळत आवश्यकतेपुरती मर्यादित नाही आणि युरोपीय नागरिकाला तिच्याविरुद्ध परिणामकारक न्यायालयीन दाद नाही, ही न्यायालयाची मुख्य कारणे होत.

प्रमाणित करारकलमे मात्र न्यायालयाने कायम ठेवली, आणि येथेच खरी मेख आहे. करार बांधतो तो सही करणाऱ्यांना. परक्या देशाचे शासन त्यात पक्षकार नसते. म्हणून माहिती पाठविणाऱ्यानेच त्या देशाचा कायदा तपासावा, उणीव भासल्यास जादा उपाय योजावेत आणि तेही अपुरे पडल्यास पाठवणी थांबवावी, असे न्यायालयाने बजावले. असा एक उपाय म्हणजे माहिती कूटबद्ध करून किल्ली युरोपातच ठेवणे. कुलूपबंद पेटी परक्या घरी ठेवण्यासारखेच हे. नुसत्या साठवणुकीला तो पुरतो. परंतु क्लाउडमधील यंत्राने त्या माहितीवर गणित करावे, तिच्यातून शोध घ्यावा, अशी अपेक्षा असेल तर पेटी बहुधा तेथेच उघडावी लागते. शासनाची सत्ता मर्यादेपलीकडे जात असेल तर अशा प्रसंगी परिणामकारक तांत्रिक उपाय आढळत नाही, अशी कबुली युरोपच्या माहिती-संरक्षण मंडळाने दिली आहे.

मे २०२३ मध्ये आयर्लंडच्या आयोगाने मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो या कलमांच्या आधारे केलेल्या पाठवणीबद्दलच. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेसाठी तिसरी व्यवस्था अमलात आली. तिला दिलेले आव्हान संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळले.

भारताच्या २०२३ च्या कायद्याची रीत उलट आहे: केंद्र शासन अधिसूचनेने ज्या देशांवर निर्बंध घालील ते वगळता पाठवणीस मोकळीक. युरोपातून भारतात येणाऱ्या माहितीस मात्र युरोपचेच नियम लागू होतात. यंत्र फ्रँकफुर्टमध्ये असले, तरी पुण्यातील कर्मचाऱ्याने त्यातील नोंद आपल्या पडद्यावर पाहिली, तर माहिती जागची न हलताही तिची पाठवणी झाली असे युरोपीय मंडळ मानते.