शिबिर भरविण्यापूर्वी : मुलांच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा विचार

उन्हाळी सुट्या लागल्या की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात गावोगावी शिबिरांची धांदल सुरू होते. कुठे विहारात श्रामणेर शिबिर, कुठे शाळेच्या आवारात बालसंस्कार वा क्रीडा शिबिर. पत्रिका छापल्या जातात, वक्त्यांच्या तारखा ठरतात, वर्गणी गोळा होते. परंतु मुले रात्री कोठे झोपणार, पाणी कोणत्या विहिरीचे, मध्यरात्री एखाद्याची प्रकृती बिघडल्यास कोणत्या गाडीने न्यायचे, हे प्रश्न बहुधा उद्घाटनाच्या आदल्या दिवशी निघतात. आपले दहा-बारा वर्षांचे मूल आठ दिवस आपल्या स्वाधीन करणारे आईबाप बहुतेक मोलमजुरी करणारे असतात. वक्ता कोण आहे हे पाहून ते मूल पाठवीत नाहीत. ते आपल्यावर विसंबून पाठवितात.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, शिबिराची तारीख ठरते त्याच बैठकीत आरोग्य व सुरक्षिततेची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी. समिती नको, एकच व्यक्ती. समितीत प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाहिले असेल. आणि या व्यक्तीला 'नाही' म्हणण्याचा अधिकार असावा. ही सहल होणार नाही, हे जेवण वाढले जाणार नाही, असे तिने म्हटले की अध्यक्षांनीही ते मानावे. देणगीदाराने पाठविलेला पदार्थ परत करणे अवघड जाते हे आम्ही जाणतो. पण तेवढ्याचसाठी हा अधिकार अगोदर ठरवून ठेवायचा.

पाण्यापासून सुरुवात करू. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांत पाणी गाळण्याच्या वस्त्राचा समावेश आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये हा त्यामागील हेतू. गाळण्याचा आरोग्यालाही उपयोग होतो. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळल्याने कॉलऱ्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तथापि निम्मे म्हणजे पूर्ण नव्हे. गाळल्यानंतर पाणी शुद्ध करावेच लागते. हजार लिटरच्या टाकीला साधारण पाच ग्रॅम चांगली, न विरलेली ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत सोडावे व अर्धा तास थांबावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओ. टी. चाचणीचे साहित्य असते. त्याला बोलावून पाणी पिवळसर होते की नाही ते मुलांसमोरच पाहावे. तो एक उत्तम विज्ञानपाठ होतो.

घाटाखालच्या गावांत मात्र आणखी एक अडचण आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागांत, भूगर्भातील पाण्यात क्षार फार. क्षार क्लोरिनने जात नाहीत, उकळूनही जात नाहीत. तेथे बोअरचे पाणी धुण्या-भांड्याला ठेवून पिण्याचे पाणी वेगळे आणणे, हाच मार्ग. तो खर्च अंदाजपत्रकात मंडपाच्या अगोदर लिहावा.

आता भोजन. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या व रस्त्यावरच उपचार झाले. ती छायाचित्रे देशभर गेली. पंगतीचे जेवण कोणत्याही श्रद्धेचे असो, जंतूंचा नियम एकच. शिजविलेले अन्न कोमट अवस्थेत दोन तासांहून अधिक राहिले की त्यात जंतूंची वाढ होते. सकाळी आठला शिजविलेला भात पाहुण्यांची भाषणे संपेपर्यंत दुपारी दोनला वाढणे म्हणजे धोका विकत घेणे होय. भाषण थांबवावे, जेवण थांबवू नये! स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावर गळू वा पिकलेली जखम असेल तर त्या दिवशी त्याला दुसरे काम द्यावे. त्या जखमेतील जंतूंचे विष अन्नात उतरले तर पुन्हा गरम केल्यानेही ते नष्ट होत नाही. भगर सुटी, उघड्या पोत्यातील घेऊ नये, कारण तिला बुरशी लवकर लागते.

याहून भयंकर उदाहरण बिहारचे आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन घेऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. आपला जिल्हा कपाशी-सोयाबीनचा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे घरोघरी निघतात आणि धुऊन वापरलेही जातात. शिबिराच्या स्वयंपाकघरात तेल, पाणी वा धान्य असल्या डब्यातून येता कामा नये. तेल बंद डब्यातलेच घ्यावे. प्रत्येक जेवण मुलांना वाढण्यापूर्वी अर्धा तास आधी एका मोठ्या माणसाने चाखावे. वास किंवा चव वेगळी लागली, तर सगळे अन्न टाकून द्यावे. गंडामनच्या मुलांनीही चव वेगळी लागत असल्याचे सांगितले होते.

रात्रीच्या झोपेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सभागृहात सतरंज्या अंथरून ओळीने मुले झोपविण्याची आपली पद्धत. मण्यार हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. ना सूज, ना वेदना. पहाटे मूल पोट दुखते म्हणते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. आणि आयोजक अपचनाची गोळी देतात. पहाटेची पोटदुखी आणि मिटत चाललेले डोळे ही लक्षणे एकत्र दिसली तर सर्पदंश समजूनच दवाखाना गाठावा. आवळून बांधणे, कापणे, चोखणे, झाडपाला वा मंत्र, यांपैकी काहीही करू नये. अवयव हलू न देता न्यावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयात मिळते; ती कोणत्या रुग्णालयात शिल्लक आहे, हे शिबिराआधी विचारून ठेवावे. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या तर सापापासून व डासांपासून दोहोंपासून रक्षण होते. मुलींची व्यवस्था स्वतंत्र असावी, तेथे महिला कार्यकर्त्या मुक्कामी असाव्यात, आणि कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलाला बंद खोलीत बोलावू नये, हा नियम पाहुण्या प्रशिक्षकांनाही लागू असावा.

मे महिन्यात कूलर आलाच. विदर्भात कूलरच्या धक्क्याने दर उन्हाळ्यात माणसे मरतात. अर्थिंग तपासून घ्यावे, गळतीरोधक स्विच बसवावा, पाणी भरताना प्लग काढावा आणि मुलांनी कूलरला हात लावू नये. मंडपाला दोन रुंद वाटा ठेवाव्यात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतांश मुले होती व बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. मैदानी खेळ सकाळी नऊपूर्वी आटोपावेत, विशेषतः घाटाखाली. उन्हात मूल असंबद्ध बोलू लागले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व लगेच गाडी बोलवावी.

सहलीचा हट्ट मुलांचा कमी, आपलाच जास्त असतो. लोणारचे विवर जरूर दाखवावे, पण उतार खडा आहे व सरोवराचे पाणी अतिशय क्षारयुक्त. पिण्याचे पाणी सोबत हवे. ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वले आहेत, तेथे वनविभागाला कळविल्याशिवाय जाऊ नये. धरण, नदी, विहीर, शेततळे येथे पोहणे पूर्ण बंद ठेवावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, ते तर मोठे होते. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार इतका निसरडा असतो की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. वाहनाच्या बाबतीत, १ जुलै २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात सिंदखेड राजानजीक समृद्धी महामार्गावर बस उलटून पेटली व २५ प्रवासी गेले, हे आपण विसरू शकत नाही. बसमध्ये चढताच आपत्कालीन खिडकी कोणती व ती कशी उघडते हे मुलांकडून म्हणवून घ्यावे. रात्रीचा प्रवास नको.

प्रवेश अर्जात आईबापांचा फोन, शेजाऱ्याचा फोन, मुलाचा जुना आजार (फिट, दमा, सिकलसेल), चालू औषध आणि कशाची ॲलर्जी आहे, एवढे विचारावे. हे अर्ज कपाटात बंद न ठेवता जबाबदार व्यक्तीच्या पिशवीत असावेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पण फोन करणाऱ्याला गाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगता आली पाहिजे. शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी कार्यकर्त्यांनी तो पत्ता एकेकदा मोठ्याने म्हणून पाहावा, आणि रात्री फाट्यावर कंदील वा बॅटरी घेऊन कोण उभा राहील तेही ठरवावे.